पोटॅशियम ७.४ : रावेरकडच्या एका केळी उत्पादकाचे प्रकरण

नवरात्राची आठवी माळ होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास नानांना त्यांच्या मुलाने आणि पुतण्याने दोन्हीकडून धरून दवाखान्यात आणले. नाना स्वतःच्या पायाने चालत नव्हते, पाय नुसते फरशीवर घासत होते. बोलणे स्पष्ट, ओळख पूर्ण, छातीत दुखत नव्हते. "ताई, पायात जीवच राहिला नाही," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, सांगितले, की पहाटे ओट्यावरून उठायला गेले आणि दोनदा खाली बसले.

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय आकडे तसेच ठेवले आहेत. मी या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. उपचार आमच्या फिजिशियननी केले. आहाराचा भाग माझा, आणि त्यात झालेली चूकही माझी.)

वय ६१. रावेर तालुक्यात सात एकर केळी. चौदा वर्षांचा मधुमेह, नऊ वर्षांचा रक्तदाब. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) २.१ होते, त्यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ३५ च्या आसपास निघत होती. निरोगी माणसात ती ९० च्या वर असते. त्या वेळी पोटॅशियम ४.९ होते, म्हणजे सामान्य मर्यादेच्या वरच्या काठाला टेकलेले. औषधांत मधुमेहाच्या दोन गोळ्या आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन.

आता नाडी ४२ लागत होती. रक्तदाब ९८/६०. साखर ३४२. दोन्ही पाय एकदम गेले, त्यामुळे अर्धांगाची शक्यता मागे पडली, आणि ईसीजीच्या पट्टीने उत्तर दिले. टी लाटा तंबूसारख्या उंच आणि टोकदार, पी लाटा जवळजवळ दिसेनाशा, क्यूआरएस हा मधला भाग रुंदावलेला : रक्तातले पोटॅशियम फार वाढल्याची ही खूण. प्रयोगशाळेचा आकडा यायच्या आधीच डॉक्टरांनी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सुरू केले. पोटॅशियमचा आकडा आला तो ७.४. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते, म्हणून दुसरा नमुना पाठवला. तो ७.३ आला. क्रिएटिनिन ३.४ वर गेले होते.

कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही. ते फक्त हृदयाच्या स्नायूला अर्धा-पाऊण तास सावरून धरते, आणि तेवढ्या वेळात पुढचे उपाय करायचे असतात. पोटॅशियम पेशींत ढकलायला एरवी इन्सुलिनबरोबर ग्लुकोज देतात, पण नानांची साखर आधीच २५० च्या वर असल्याने नुसते इन्सुलिन दिले. वाफेतून साल्ब्युटामॉल, सलाईन, नंतर लघवी वाढवणारे औषध आणि आतड्यात पोटॅशियम बांधणारी पावडर. डायलिसिससाठी जळगावला बोलून ठेवले होते, ती वेळ आली नाही. संध्याकाळी ६.१, दुसऱ्या दिवशी सकाळी ५.४. नाना उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला.

माझे काम तिथून सुरू झाले.

नऊ दिवसांचा कडक उपास. "काय खाता?" असे विचारले, तर नाना म्हणाले, "काय खाणार? उपासच ना." हे उत्तर मला नेहमी मिळते, आणि ते खोटे नसते, उपासाचे खाणे आपल्याकडे खाण्यात धरतच नाहीत. म्हणून मी काकूंना आणि सुनेला विचारले, तेही 'काय खाल्ले' असे नव्हे, तर 'घरात काय काय आणले आणि किती उरले' असे. बाजूच्या खोलीत एक घड टांगलेला होता. पिलबागेतला (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या बागेतला), व्यापाऱ्याने मागे ठेवलेला, कारण काही फण्यांना डाग होते. पहिल्या सात दिवसांत तो बहुतेक नानांनीच संपवला. सकाळी दुधाबरोबर दोन, दुपारी शिकरणात तीन, तिसऱ्या प्रहरी एक, रात्री झोपताना दोन. आठ.

मुलाने शेतातले एक केळे आणले होते. ते सोलून काट्यावर ठेवले तर ११५ ग्रॅम भरले. शंभर ग्रॅम पिकलेल्या केळ्यात साधारण ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे या एका केळ्यात ४०० च्या थोडे वर, आणि आठांचे मिळून जवळपास ३,३००. त्यात अर्धा लिटर दुधाचे ७०० मिळवले, रोजच्या एका शहाळ्याचे ५००, उकडलेल्या बटाट्या-रताळ्यांचे ७५०, खिचडीतल्या मूठभर दाण्याच्या कुटाचे ३५०. बेरीज ५,६००. साबुदाण्याचे जवळजवळ काहीच नाही, तो नुसता स्टार्च. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढाला दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यायला सांगते. नानांसारख्या रुग्णाला आम्ही दोन ते तीन हजारांच्या दरम्यान ठेवतो.

ही बेरीज मी वहीत लिहिली आणि मला वाटले, सापडले. घरी सोडताना कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिले : केळी पूर्ण बंद.

इथे थोडे थांबून शरीरात काय घडत होते ते सांगायला हवे, कारण केळ्याला दोष देण्याआधी ते कळणे गरजेचे आहे. आपल्या शरीरात सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्यातले सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असते. पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून ते अडीच ग्रॅमसुद्धा भरत नाही. हृदयाची आणि स्नायूंची विद्युतक्रिया या आतल्या-बाहेरच्या फरकावर चालते. आता नानांचा हिशेब पाहा. बाहेर एकूण अडीच ग्रॅमची जागा, आणि तोंडावाटे रोज साडेपाच ग्रॅमहून जास्त येते आहे. तरीही निरोगी माणसाला याने काही होत नाही. जेवणानंतर स्रवणारे इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते, आणि पुढच्या काही तासांत मूत्रपिंडे जादाचे बाहेर टाकतात. रोजच्या पोटॅशियमचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा वाटा लघवीतून जातो, उरलेला बहुतेक शौचातून. धडधाकट माणसाने दिवसाला आठ केळी खाल्ली तर त्याचे पोट जड होईल, वजन वाढेल, पण ईसीजी बदलणार नाही.

नानांकडे या दोन्ही वाटा अरुंद झाल्या होत्या, आणि नवरात्रात त्या आणखी आवळल्या गेल्या. मूत्रपिंडाची ताकद आधीच तिसऱ्या हिश्श्यावर. टेल्मिसार्टन हे चांगले औषध आहे, मधुमेहींच्या मूत्रपिंडाला ते आधार देते, पण अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक कमी करत असल्याने पोटॅशियम बाहेर टाकण्याची गतीही मंदावते. चौथ्या माळेला नाना सातपुड्याच्या पायथ्याच्या मनुदेवीला अनवाणी जाऊन आले. ऑक्टोबरचे ऊन, घाम, पाणी कमी. गुडघे सुजले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणल्या आणि चार दिवस घेतल्या. शरीरातले पाणी कमी झालेले असताना ही वेदनाशामके मूत्रपिंडाचा उरलासुरला रक्तपुरवठा घटवतात. क्रिएटिनिन २.१ वरून ३.४ वर गेले ते मुख्यतः यामुळे. शिवाय "उपाशीपोटी साखर उतरेल" या भीतीने मधुमेहाची एक गोळी त्यांनी बंद ठेवली होती, आणि उपास म्हणून पोटात जात होती ती आठ केळ्यांतली दोनशे ग्रॅमहून जास्त कर्बोदके. साखर चढली. इन्सुलिन अपुरे आणि साखर जास्त असली की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याबरोबर पोटॅशियमही बाहेर येते. भीती साखर उतरण्याची होती, घडले नेमके उलटे.

हे सगळे मला माहीत होते. तरी कागदावर मी एकच ओळ ठळक लिहिली.

तीन आठवड्यांनी नाना तपासणीला आले. टेल्मिसार्टन आम्ही बंद ठेवले होते, वेदनाशामक नव्हते, क्रिएटिनिन २.३ वर आले होते. पोटॅशियम मात्र ५.७. मी वर पाहिले तेव्हा माझा चेहरा बहुधा बोलला असावा, कारण नाना म्हणाले, "देवीची शपथ ताई, एक केळं तोंडात नाही घातलं. बागेत गेलो तरी हात नाही लावला."

ते खरे बोलत होते. आणि तेवढ्यावरच गोष्ट थांबली नव्हती. गावात पसरले होते, की नानांना केळी बाधली. ज्या तालुक्यात बांधाबांधाला केळी, जिथल्या केळीला २०१६ मध्ये जळगाव केळी म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हे साधे वाक्य नाही. घरात तर केळी जणू विटाळाची झाली होती. शेतात राबणारा ३४ वर्षांचा मुलगा दुपारच्या भाकरीबरोबर तीन-चार केळी खायचा, त्याने सोडली. पाच महिन्यांची गरोदर सून सकाळच्या मळमळीत एक केळे खायची, तिलाही सासूने नको म्हटले. चार वर्षांच्या नातीच्या हातातली केळी काढून तिला बिस्किटाचा पुडा दिला जात होता. माझी एक ओळ नानांसाठी होती. ती चौघांना लागू झाली.

मी वही पुन्हा उघडली आणि या वेळी काकूंना सकाळपासून रात्रीपर्यंत स्वयंपाकघर जसेच्या तसे सांगायला लावले. भाजी कशी फोडणीला टाकता, वरणात काय, ताटात वरून काय घेतात. मीठ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "यांचं मीठ वेगळं आहे ना. तुम्हीच सांगितलं होतं कमी करा म्हणून. मग दुकानदारानं बीपीवाल्यांचं मीठ दिलं."

पाकीट दुसऱ्या दिवशी आले. कमी सोडियमचे मीठ. घटकांमध्ये पोटॅशियम क्लोराईड. छापलेल्या प्रमाणावरून हिशेब केला तर दिवसाला चमचाभर मिठातून सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे एका केळ्यापेक्षा जास्त. आणि मिठातले पोटॅशियम जवळजवळ सगळे शोषले जाते. फळाभाज्यांतले त्याहून कमी, कारण ते तंतुमय गरात अडकलेले असते. सहा महिन्यांपूर्वी मी 'मीठ कमी करा' असे सांगितले होते. 'कोणते मीठ आणू नका' हे सांगितले नव्हते. नवरात्रातल्या बेरजेतही मी मीठ धरले नव्हते, कारण खाल्लेले काय, या प्रश्नाच्या उत्तरात मीठ कोणी सांगत नाही. ५,६०० चा आकडा खरा ६,१०० होता, आणि त्यात केळ्यांचा वाटा निम्म्याच्या थोडा वर. उरलेल्या निम्म्याकडे मी पाहिलेच नाही.

बाकीचेही उलगडत गेले. अशक्तपणा आला म्हणून शेजारचे रोज शहाळे आणून देत होते. केळी बंद म्हणून सुनेने कच्च्या केळ्यांचे वेफर्स दिले. ते तळलेले, मिठाचे, 'केळी' या शब्दात न बसणारे. तळताना पाणी उडून जाते, पोटॅशियम मागे राहते, त्यामुळे शंभर ग्रॅम वेफर्समध्ये ते ताज्या केळ्यापेक्षा जास्त भरते. आणि नानांना चार-चार दिवस शौचाला होत नव्हते. केळ्याबरोबर त्यांनी भीतीने बाकीची फळेही सोडली होती, पालेभाज्याही. मूत्रपिंडे मंदावतात तेव्हा आतडे पोटॅशियम बाहेर टाकण्याचा जास्तीचा भार उचलते. बद्धकोष्ठाने ती वाटही बंद. केळी शून्यावर आणून मी त्यांचे पोटॅशियम वाढायला हातभार लावला होता.

मीठ बदलून साधे केले, तेही मोजून. शहाळे थांबले, वेफर्स थांबले. रात्री इसबगोल. फळे परत आणली, पण निवडून : सफरचंद, नाशपाती, अननस, कलिंगडाची एखादी फोड. यांत शंभर ग्रॅमला शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. पेरूत मात्र केळ्यापेक्षा जास्त असते. आमच्या ओपीडीत लोक केळे सोडून पेरू धरतात, ते मला दर आठवड्याला सांगावे लागते. बटाटा आणि भाजीचे कच्चे केळे सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचे, असे काकूंना करून दाखवले. दोन आठवड्यांनी पोटॅशियम ४.८. मग डॉक्टरांनी टेल्मिसार्टन निम्म्या मात्रेत परत सुरू केले आणि दहा दिवसांनी पुन्हा रक्त पाहिले. ५.०, स्थिर.

त्याच भेटीत मी सगळ्या घराला बसवून घेतले. प्रत्येकाच्या शरीरात तेच केळे वेगळे काय करते, हे मला एकेकाला सांगायचे होते.

मुलाची मूत्रपिंडे उत्तम, रक्तदाब नेहमीपेक्षा जरा वर. त्याला मी सांगितले, तुझी केळी परत सुरू कर. शंभर ग्रॅम केळ्यातून ९० कॅलरीच्या आसपास मिळतात, बहुतेक कर्बोदकांतून, त्यातली निम्मी पिकल्यावर साखर झालेली. घड वाहणाऱ्या माणसाला दुपारी हेच हवे असते. आणि त्याच्यासाठी पोटॅशियम हे औषधासारखे आहे : ते मूत्रपिंडातून सोडियम बाहेर काढायला लावते आणि रक्तदाब थोडा खाली आणते. वडिलांचे हृदय ज्या गोष्टीने थांबायला आले होते, तीच त्याच्या रक्तदाबाला उपकारक आहे, हे त्याला पटायला वेळ लागला. त्याने दोनदा विचारले.

सुनेचे काम सोपे होते. केळ्यात ब-६ जीवनसत्त्व चांगले असते, ते मळमळीत उपयोगी पडते, आणि रिकाम्या पोटी केळे बहुतेकींना सोसते. "सर्दी होते म्हणतात," सासू म्हणाली. गरोदर बाईने केळे खाल्ल्याने बाळाला कफ होतो, याला आधार नाही, हे मी स्पष्ट सांगितले. ज्यांना केळे खाल्ल्यावर तोंडात, घशात खाज सुटते त्यांची गोष्ट वेगळी, ती ॲलर्जी असते. तिला तसे काही नव्हते.

नातीबद्दल बोलताना काकूच म्हणाल्या, की पूर्वी पोरांना हगवण लागली की सासूबाई कच्चे केळे उकडून भातात कुस्करून द्यायच्या. मला फार बरे वाटले ते ऐकून. बांगलादेशात जुलाब लांबलेल्या मुलांवर नेमका हाच प्रयोग झाला आहे, भाताबरोबर उकडलेले कच्चे केळे, आणि जुलाब लवकर आटोक्यात आले. कच्च्या केळ्याचा कोरडा भाग मुख्यतः स्टार्च असतो आणि त्यातला बराचसा लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू त्याचे आम्ल बनवतात, आणि ती आम्ले आतड्याला सोडियम आणि पाणी शोषून घ्यायला मदत करतात. केळे पिवळे होत जाते तसा हा स्टार्च साखरेत बदलतो. सालीवर काळे ठिपके आले की जवळजवळ संपतो. 'केळ्याने पोट बांधते' आणि 'केळ्याने पोट साफ होते' ही दोन्ही वाक्ये घराघरांत ऐकू येतात, आणि दोन्ही खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या केळ्यांबद्दल आहेत. मधुमेह असून मूत्रपिंडे चांगली असलेल्यांना मी यावरूनच सांगते, की ठिपके पडायच्या आधीचे, छोटे, एक, तेही नुसते न खाता चार दाण्यांबरोबर. शिकरणात साखर घालून नाही.

आणि नाना. त्यांना आठवड्यातून दोनदा अर्धे केळे खायला मी मोकळीक दिली, ज्या दिवशी घरात बटाटा-टोमॅटो शिजत नाही त्या दिवशी, आणि दर दोन महिन्यांनी रक्ततपासणीच्या अटीवर. काही सहकाऱ्यांना हे जास्त वाटले. असा रुग्ण पुन्हा ७.४ घेऊन आला तर, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण मी पूर्ण बंदीचा परिणाम पाहिला होता. जो माणूस आयुष्यभर केळी पिकवतो त्याला 'कधीच नाही' सांगितले, तर तो एक तर भीतीने सगळेच सोडतो किंवा चोरून खातो, आणि दोन्ही वेळा मला खरे कळत नाही. अर्धे केळे वहीत लिहिता येते.

कागदही बदलला. आता आमच्या कागदावर मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी पहिली ओळ मिठाच्या पाकिटाची आहे, दुसरी वेदनाशामकांची, तिसरी पोट साफ राहण्याची. फळांची यादी त्यानंतर येते. उपासाच्या काळात गोळ्या स्वतःहून थांबवू नका, आधी फोन करा, हेही लिहिले आहे, आणि खाली नंबर.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आठ दिवस आधी नानांचा फोन आला. "ताई, नऊ दिवस धरू का?" मी आधी रक्त तपासून यायला सांगितले. क्रिएटिनिन २.२, पोटॅशियम ४.९. डॉक्टरांशी बोलून ठरले, की उठता-बसता धरायचा, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस, मधल्या दिवसांत साधे जेवण. त्या दोन दिवसांसाठी भगर आणि साबुदाणा, दाण्याचा कूट चमचाभर, शहाळे नाही, पाणी भरपूर, मधुमेहाची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, मनुदेवीला गाडीने. गुडघे दुखले तर गरम पाण्याचा शेक, आणि मेडिकलमध्ये जायचे नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आपट्याची पाने घेऊन आले. नमुना दिला, तासाभराने आकडा आला, ४.८. मुलाने पिशवीतून एक फणी काढून माझ्या टेबलावर ठेवली, नवतीच्या, म्हणजे नव्या लागवडीच्या बागेतली, अजून हिरवट. नानांनी त्यातले एक केळे तोडले, खिशातल्या अडकित्त्याने मधोमध कापले आणि अर्धे काकूंपुढे धरले.